हलवलं की नक्कल?

२ सप्टेंबर, कोइम्बतूर

पोचलो एकदाचा! खोली झकास आहे, खिडकीतून डोंगर दिसतो आणि खालच्या मेसमधलं पोंगल घरच्यापेक्षा चांगलं आहे. हे बायकोला, तेनमोळीला, कळता कामा नये. निघताना ती रडली. सहावा महिना संपत आलाय आणि कारैकुडीच्या घरात आता ती एकटीच. मी चपला, दाढीचं सामान, निळा चौकड्यांचा शर्ट, सगळं मुद्दाम तिथंच ठेवलं. म्हटलं, मी गेलोच नाही असं समज. डोळे पुसत म्हणाली, "समजते हो. मग तुम्हीही तसंच वागा."

४ सप्टेंबर

नोकरी सूतगिरणीच्या कॉम्प्युटर विभागात. साहेब चोक्कलिंगम सर, कपाळभर विभूती आणि बोलणं इतकं हळू की कान पुढे करावा लागतो. शेजारच्या टेबलावर रेजिना, वयाने मोठी, जिभेला हाड नाही. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काय रे कदिर, फोन हाताला चिकटवून आणलायस का बायकोने?"

माझं काम पगाराचा हिशेब करणारं आभासी मशीन जुन्या प्रोग्राममधून काढून नव्यात बसवायचं. म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात राहणारा दुसरा कॉम्प्युटर, एक भाडेकरूच म्हणा ना. घर बदललं तरी भाडेकरूला पत्ता लागू द्यायचा नाही, यातच आमची हुशारी.

९ सप्टेंबर

बसलं! नव्या घरात पहिल्यांदा सुरू करताना प्रोग्राम विचारतो, हे मशीन हलवलंय की याची नक्कल केलीय? 'नक्कल' म्हटलं की तो नवी ओळख देतो. 'हलवलं' म्हटलं की जुनीच ओळख राहते. पगाराचं सॉफ्टवेअर जुन्या ओळखीवरच चालतं, म्हणून 'हलवलं' दाबलं. पण जुनं मशीनही चालूच ठेवलं. नव्याने दगा दिला तर?

सरांची रीत वेगळी. आधी जुनं बंद करायचं, त्याच्यासमोर कापूर लावायचा, मगच नवं सुरू. म्हणाले, "एका नावाचे दोन जिवंत ठेवायचे नसतात, कदिरवन." त्यांच्यामागे रेजिनाने मला डोळा मारला. मी ठोकून दिलं, जुनं बंद केलंय म्हणून. उगीच वाद कशाला!

१५ सप्टेंबर

तेनमोळी आपणहून फोन करेनाशी झालीय. मी केला तर बोलते, हसते, पण वाट पाहत होती असं वाटत नाही. आज तिच्यामागे कुणीतरी खोकलं. पुरुष होता. कोण आहे विचारलं तर म्हणाली, "इश्श, काहीतरीच काय विचारता!" आणि हसतच सुटली. मला ते हसू आवडलं नाही.

१८ सप्टेंबर

न राहवून शेजारच्या अलमेलू मावशींना फोन केला. आडून आडून विचारलं, घरी कुणी येतं-जातं का? त्या म्हणाल्या, दारात तर तुझ्याच चपला असतात, आणखी कुणाच्या असणार? काल मात्र ओल्या होत्या म्हणे.

माझ्या चपला घालून फिरणारा हा कोण? बायकोवर संशय घेणारा मी माणूस नव्हतो. आता जेवताना, काम करताना डोक्यात तेवढंच चालतं.

इकडे मशीनचं लक्षण ठीक नाही. कधी नवं उत्तर देतं, कधी जुनं. दोघांची ओळख एकच. ऑफिसच्या नेटवर्कला ज्याचा आवाज शेवटी ऐकू आला तोच खरा.

२२ सप्टेंबर

आज तेनमोळीचा सातव्या महिन्याचा बांगड्या भरण्याचा कार्यक्रम. मला रजा मिळाली नाही. तिने फोटो पाठवला, कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या, गालांना चंदन. मागे माझा निळा शर्ट घातलेला माणूस, मुंडकं फोटोबाहेर. लगेच लिहिलं, हा कोण?

तिने दुसरा फोटो पाठवला. तो तिला घास भरवतोय. चेहरा माझा. हनुवटीवर कापलेलं — आज सकाळी, इथं, दाढी करताना मला कापलंय.

खाली लिहिलंय, "स्वतःलाच ओळखत नाही का? नजर लागेल हो आपल्याला."

२५ सप्टेंबर

मेसमध्ये माझ्यासमोर पान मांडलं नाही. हाक मारली, कुणी वळलं नाही. गेटवर कार्ड चाललं नाही, दुसऱ्यांच्या मागून आत शिरलो. रेजिना माझ्या खुर्चीवर पिशवी ठेवून गेली. चेष्टा करतेय? चेष्टाच असावी.

दुपारी मात्र एकदम म्हणाली, "कधी आलास गावाहून?"

मी गेलोच नव्हतो.

२६ सप्टेंबर

घरी फोन केला. पुरुषाने उचलला. आवाज माझा.

विचारलं, कोण? म्हणाला, कदिरवन. मी म्हटलं, कदिरवन मी आहे. तो रागावला नाही. त्याचीच भीती वाटली. म्हणाला, "मग तुम्ही कुठून बोलताय?" मागून तेनमोळीने हाक मारली, "अहो, लवकर या, बाळ लाथा मारतंय."

तो गेला. तिच्याकडे. माझ्या बाळाकडे.

जुनं मशीन बंद केलं तर हाही — धावत जाऊन बटणावर बोट ठेवलं. आणि डोळ्यांसमोर ती आली, पोटावर त्याचा हात धरून बसलेली. तिच्यादेखत विझला तर? या दिवसांत तिला हे सोसेल?

बोट काढून घेतलं. रडलो.

२७ सप्टेंबर

सरांना कळलं, मशीनं दोन आहेत. त्यांनी रेजिनाला विचारलं, सध्या काम कोणतं करतंय? ती म्हणाली, "जुनंच, सर. नव्याला कुणी विचारतसुद्धा नाही."

मी दोघांच्या मधोमध उभा आहे. उभ्यानेच लिहितोय. ओरडलो — कुणी नाही —

सर म्हणाले, ज्याला कुणी विचारत नाही ते बंद करू.

कापूर पेटवला. नव्यासमोर. धूर माझ्या डोळ्यांत जात नाही —

तेनमोळी, ऐक, चपला मीच ठेवल्या होत्या. घास मीच — मी नक्कल नाही, मला हल