राणीचा पाव तास

१० एप्रिल १९९१, देवपूर
नात लता कॉलेजच्या परीक्षेचं मोठ्याने पाठ करते. व्हिक्टोरिया राणीचा काळ. ही राणी मला माहीत आहे, माझ्या पेटीत राणीछाप रुपया आहे. तोंड फुगलेलं, पण बाई शिस्तीची. तिच्या राज्यात भल्या घरच्या बायका कुणाकडे गेल्या की पाव तास बसायच्या आणि उठायच्या. चुलीत डोकावणं नाही. मला एकदम पटलं. आमची समोरची तानुबाई भाकरीच्या वेळेला येते ती दुपारचा चहा पिऊनच हलते.
उद्यापासून रूल.

११ एप्रिल
तानुबाईला सांगितलं. आधी निरोप, मग पाव तास. ती म्हणे, अक्का, हाई तुनं घर शे का कचेरी शे? मी घड्याळ दाखवलं. अर्धा चहा टाकून गेली. मॅनर्स नाहीत.

१२ एप्रिल
गल्लीतली बेबाबाई आली. तिच्या सुनेचं भांडण नेमकं रंगात आलं आणि पाव तास झाला. रूल म्हणजे रूल, उठवलं. सुनेने पुढे काय फेकलं ते राहिलं. लाटणं असावं.

१४ एप्रिल
कोणी नाही. घर कसं महालासारखं शांत. नवरा गेल्यावर राणी जन्मभर काळं नेसली म्हणे. हे मी घेणार नाही. आमचे गेले, तेराव्यानंतर मी कापूस वेचायला. सगळंच कशाला घ्यायचं?

१७ एप्रिल
करमतं मला. घड्याळ फार मोठ्याने वाजतं, एवढंच. समोर तानुबाईच्या ओट्यावर सगळ्या हसत होत्या. सुनेने फेकलं ते लाटणं नव्हतं, पोळपाट होता. ऐकत नव्हते मी. खिडकी पुसत होते.

१९ एप्रिल
बिबड्यांसाठी, म्हणजे वर्षभराच्या पापडांसाठी, जोंधळ्याच्या कण्या तयार. उद्या पहाटे घाटा शिजवायचा. गरम आहे तोवर चार-पाच बायांनी थापला पाहिजे, नाहीतर दगड. सून म्हणे, हाक मारून येऊ का? मी म्हटलं, गरज त्यांना. घाट्यावर तेल ओतून खायला दरसाल त्याच पहिल्या. निरोप धाडतील.

२० एप्रिल, सकाळ
घाटा झाला. वास पार चौकापर्यंत. कोणी नाही. सून शाळेत शिकवायला, लता पेपरला. एकटीने दहा-बारा थापले, हात भाजले, बाकी पातेल्यातच घट्ट.
तानुबाईकडे जाऊन येते. बोलवायला नाही. पाव तास भेट.

२० एप्रिल, दिवेलागण
आत्ता आले. तिचेही आजच बिबडे, बठ्ठ्या बाया, एकूण एक, तिथेच. तानुबाई मान वर न करता म्हणे, निरोप धाडा व्हता का अक्का? बेबाबाई खो खो हसली. मग तानुबाईने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. म्हणे, हात वला कर, बस.
तिचे सगळे बिबडे थापून दिले. घाटा तिथेच खाल्ला, दुपारचा चहाही तिथेच. माझा घाटा शेजारच्या म्हशीपुढे टाकला. तिने हुंगून तोंड फिरवलं.
लता विचारते, पाव तासाचं काय झालं? म्हटलं, राणीकडे बिबडे करत नसतील.
उरलेल्या कण्यांचे माझे बिबडे करायला तानुबाई उद्या येते म्हणाली. किती वाजता, किती वेळ, ते मी विचारलं नाही. घाबरले असं नाही.