तलावाच्या गाठी

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

मंजूच्या बोटांच्या सांध्यांवर पिवळट गाठी होत्याच, आता टाचेमागेही आल्या! सात वर्षांची पोर. दुखत नाही म्हणते. सासूने पाहिलं आणि चक्क नारळ फोडला. "तलावानं पोरीले आपलं म्हटलं," म्हणे.

या घराच्या पूर्वजांनी गावचा तलाव बांधला. ज्याच्या हातावर गाठी, त्यानेच दरवर्षी पूजा करून तलावाचं पाणी सोडायचं दार उघडायचं, ही रीत. आधी सासरे, आता माझा नवरा खुशाल. लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय. डोकं उठतं माझं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

भिंतीवरच्या फोटोत सासऱ्यांचा हात दिसतो. मंजूचा हात शेजारी धरला. तीच बोटं, त्याच जागा.

सासरे एकेचाळिसाव्या वर्षी तलावाच्या पाळीवरच, बांधावरच गेले, छाती धरून. त्यांचे वडीलही पाळीवरच, अडतिसाव्या वर्षी. "गाठीवाल्याले तलाव नेते," सासू अभिमानाने सांगते. खुशाल छत्तीसचा आहे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

कालपासून गावच्या बाया सारख्या येऊन राहिल्या. तान्ह्या लेकरांच्या कपाळाला मंजूची बोटं लावतात. आज विचारलं, "आई, मी देव झाली का?" तिला आत ओढलं, दार लावलं. बाहेरून कोणी जाईना.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

गोरेगावला बाजाराला जाते सांगितलं आणि मंजूला घेऊन थेट गोंदियाला. तिचं रक्त तपासायला दिलं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

कोलेस्टेरॉल सातशेवर! माझी काडीसारखी पोर!

डॉक्टरीण समजावत होती — रक्तातली चरबी उचलायला पेशीच्या अंगावर जणू एक खुंटी असते, तिला रिसेप्टर म्हणतात. ती घडवणारा जनुकच बिघडलेला दिसतो. "एक खराब प्रत बापाकडून, एक आईकडून. दोन्ही खराब, म्हणून इतक्या लहानपणी गाठी. नागपूरला लगेच न्या. नाहीतर विशी गाठायच्या आत हार्ट अटॅक येऊ शकतो." तिथे खुशालचं आणि माझंही रक्त तपासतील.

माझं काऊन? माझे हात साफ आहेत. खोट यांच्या घराण्याची आणि नाव माझंही! येताना रस्ताभर रागाने रडले.

२४ नोव्हेंबर, रविवार

घरी सांगितलं. सासू म्हणाली, "औषधानं गाठी विरल्या तं तलाव फुटन. गाव बुडन. नेऊ नोको इले." यंदा दार मंजूनेच उघडायचं, असं गावाने ठरवलंय. पूजेला अजून पंधरा दिवस.

खुशाल खाली बघत बोलला, "पूजा होऊ दे, मंग जाऊ." बापाचा फोटो डोक्यावर असताना हे बोलवलं कसं त्याला! त्याची मला आज किळस आली. आणि कीवही.

२५ नोव्हेंबर, सोमवार

बॅग भरली. उद्या नागपूरची पहिली एसटी.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

सासू स्टँडवर आली. वाटलं, मंजूला ओढून नेणार. पण ती माझ्या पायाशी बसली, टाचेमागची शीर बोटांत धरली. "हे जाड शीर पाह्यली, तवाच तुले सून केली. माह्या घरी गाठीवालं लेकरू यावं म्हणून असा पाय हुडकत सोळा घरं फिरली मी." प्रेमाने सांगत होती.

मी मंजूला उचललं आणि बसमध्ये चढले. चप्पल काढून पाहिलं. तीच जाड शीर दोन्ही पायांना आहे. दुसरी खराब प्रत माझी.