कोवळ्या ज्वारीतलं जहर

आई, आपली वस्ती जाळली त्या दुपारी तू चुलीवर हुलग्याचं माडगं ठेवलं होतंस. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला होता आणि त्याचा राग गावोगाव आपल्यासारख्यांच्या कुडाच्या घरांवर निघत होता. सोनपेठच्या रस्त्यानं आरडाओरडा आला तशी तू आधी शेळ्यांची दावी कापलीस, मग माझा दंड धरलास. तेवढ्यात दारात तो उभा राहिला, ज्याच्या रानात तू खुरपायला जायचीस. हातात कुऱ्हाडीचा दांडा.

"नामांतर पायजे व्हय तुमाला?"

"मला ते नाव लिहायला येत न्हाई," तू म्हणालीस, "पर पायजे."

दांडा तुझ्या मनगटावर बसतो. हाड मोडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. तू खाली पडत नाहीस. डाव्या हातानं उकळतं माडगं त्याच्या तोंडावर फेकतेस. तो गुरासारखा हंबरतो आणि आपण धुरातून ओढ्याकडं पळतो. मागं छप्पर कोसळतं.

दिवस कलताना शेळ्या सापडल्या त्या ओढ्याकाठच्या ज्वारीत. पावसानं ताण दिलेला, अळीनं शेंडे खाल्लेले, त्यावर नवे कोवळे फुटवे आलेले. एक शेळी आधीच ताठरली होती. दुसरी गाभण. "आई, तोंडाला फेस यायलाय!" मी ओरडले, तोवर तिनं पाय झाडले. मोडका हात छातीशी धरून तू तिच्या पोटावरून दुसरा हात फिरवत राहिलीस. "माणसांनी मारलं ते कळलं. ह्या ज्वारीचं आमी काय केलतं?"

उत्तर मला कॉलेजात मिळालं, तू गेल्यावर. ज्वारीच्या पानात दोन द्रव्यं वेगळ्या कप्प्यांत असतात, एकमेकांना न शिवता. अळीनं पान कुरतडलं की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि जहर तयार होतं. ताण पडलेल्या, पुन्हा फुटलेल्या कोंबांत ते जास्त. शेळीनं चावलं तरी तेच होतं. पानाला काही ठरवावं लागत नाही, आई. तो माणूस मात्र घरातून दांडा उचलतानाच ठरवून निघाला होता.

आता मी हेच शिकवते. हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही, घडी करून ठेवीन. मुलं विचारतात, मॅडम, ह्या विषयाकडं कशा वळलात? आवड होती, असं सांगते. आवड नव्हती. राग होता.