सेन्सरवरचं पाच जणांचं खातं

९ सप्टें., मंगळ.
हॉस्पिटलात पाय ठेवला तर लॅबचे रिपोर्ट बंद. बाहेरून कोणीतरी नेटवर्कमध्ये शिरलेलं. असल्यांना अडवणारा सेन्सर पाहिला. अडवणं रविवारी दुपारीच कोणीतरी बंद केलं होतं. कोणी? नोंदीत एकच नाव, ॲडमिन. ते खातं आम्ही पाच जण वापरतो : मी, मॅनेजर साहेब, सलीमभाई, पाळीवरचे दोघं. नेटवर्कचं काम माझ्याकडे, म्हणून पासवर्ड वाटला मीच. काम अडू नये म्हणून.

१० सप्टें.
साहेबांनी सलीमभाईंना घरी बसवलं. रविवारी ड्यूटी त्यांची होती, एवढाच पुरावा. या बिल्डिंगमधली वायर न् वायर त्यांनी ओढली आहे, अठरा वर्षं.
जिन्यात भेटले. "बेटा, मी फक्त त्या सेन्सरचे लाल-हिरवे लाइट पाहतो. बटन दाबाले भेव वाटते मले."
पासवर्ड वाटणारी मीच. लाज.

११ सप्टें.
प्रत्येकाचं वेगळं खातं केलं. पाळीवरचे दोघं सेन्सरचे इशारे तपासतील, नियम बदलू शकणार नाहीत. सलीमभाई अन् साहेब, फक्त पाहायचं. बदल माझ्याकडे, अन् माझीही नोंद राहील. जुन्या ॲडमिनचा पासवर्ड बदलून, पाकीट सील करून मोठ्या बाईंच्या कपाटात. बाई म्हणजे मालकीण डॉक्टर.

१२ सप्टें.
साहेब तणतणत आले. "मी मॅनेजर आहो. मले नुसतं पाहाचं खातं? काहून?"
"सर, तुम्हाले त्यात काय बदलाचं असते?"
दाराकडे वळले. मग, "नोकरीचं पाहून घ्या."
 खातं नाही बदललं.

१३ सप्टें., शनि.
बाईंना पत्र दिलं. या नोंदीवरून सलीमभाईच काय, कोणाचंच नाव सिद्ध होत नाही. पाचांत मीही आहे. पासवर्ड वाटणं ही माझी चूक.
तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचलं असतं तर दिलंच नसतं.

१५ सप्टें., सोम.
माझी चौकशी लागली. साहेबांचीही. रविवारी अडवणं कोणी बंद केलं, ते अजून कळलं नाही.
बाईंनी सलीमभाईंना परत बोलावलं. आले. नवीन खात्याची चिठ्ठी दिली.
"हे माह्या एकट्याचं?"
"हो. दुसरं कोणी नाही वापरणार."
चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली. "कामावर येतो का नाही, घरी बोलून पाहतो, बेटा. तिथं सगळ्यायले समजलं ना, मले काढलं म्हणून."
कधी कळवतील, ते सांगितलं नाही. त्यांचं खातं मी चालूच ठेवलं.