दुखवट्याची साडी

मोरबी, ता. ७ एप्रिल

मंजूताई,

समाधानचा नमस्कार. मी बरा हाय. तू बरी आहेस का, हे कसं विचारावं ते कळत नाय, म्हणून पुढं लिहितो. हे पत्र आपल्या गावचा चंदर आणून देईल. ट्रकमधले कांदे खाली करून तो टाइल्स भरतोय, उद्या निघंल. फोनवर तू ‘कधी येतोस’ विचारतेस नि माझ्या तोंडून ‘सुट्टी नाय’ एवढंच निघतं. म्हणून कागदावर.

इथं ऊन लय हाय. भट्टीजवळ उभं राहिलं की घामसुद्धा वाळतो. मेसवाल्यानं डाळीत पाणी वाढवलंय. बाकी ठीक.

सुट्टीचं खरं सांगतो. सुपरवायझरनं ती कधीच दिली होती. काय काम म्हणून विचारलं, तर मी बोललो, दुखवटा न्यायचाय. “क्या लेके जाना है?” आता त्याला हिंदीत काय सांगू? म्हटलं, जीजाजी गुजर गये. मायकेसे भाई साडी ले जाता है, बहन को ओढाता है, तब वो घर से बाहर निकलती है.

तो म्हणाला, “तो तू यहाँ क्या कर रहा है?”

साडी घेतली. दुकानदार म्हणाला, शादी है क्या? मला नाय म्हणवलं नाय. मग त्यानं भारीतल्या काढल्या. मोरपंखी घेतली. फिकी आणायची रीत असंल तर तुझ्या सासूबाईंना सांग, भावाला अक्कल नाय.

ती घेऊन मी निघालोपण होतो, ताई. नाशिकला द्वारका चौकात उतरलो, स्टँडवर जाऊन देवळ्याच्या गाडीत बसलो. दाजी दर खेपेला देवळ्याच्या स्टँडवर मोटरसायकलची चावी बोटात फिरवत उभे असायचे. “आले का गुजरातचे शेठ,” म्हणायचे. आज तिथं कोण असंल, एवढं मनात आलं नि गाडी सुटायच्या आत मी खाली उतरलो. आलो तसा मोरबीला परत.

मी दाजींना शेवटचं बघितलं नाय. चंदरनं व्हिडिओ कॉल लावला होता, पण रेंज तुटत होती. धूर दिसला, मग चंदरचा अंगठा. मी मशीनवर परत गेलो. दुखवटा म्हणजे रडणं आवरायचं कापड. ते माझ्या हातानं तुझ्या अंगावर टाकायचं, म्हणजे आता पुरे. नि माझं तर अजून सुरूच झालं नाय.

पण माझ्यापायी तू अडकलीस. परवा म्हणालीस, “समा, मला मळ्यात जायचंय रे. तिकडं कांदे काढायला आलेत, नि मी इथं भिंत बघत बसलीय.” ते डोक्यातून जात नाय.

म्हणून साडी चंदरजवळ देतोय. तुझ्या सासूबाई म्हणतील, माझं ऐक, भाऊच लागतो. त्यांना हे पत्र वाचून दाखव. गावात कुणी हसलं तर मला हसू दे. तू साडी नेस नि मळ्यात जा. माझ्यासाठी एक दिवसही आत बसू नको.

मी शनिवारी निघतो. या खेपेला उतरणार नाय. साडीचं तर झालं, आता हातात काही नसंल. मला नुसतं तुझ्याजवळ बसून रडायचंय. तू दमली असशील, तरी तेवढं बसू दे.

तुझं उरलेलं माहेर,
समाधान