मामा, आता माझी हमी कोण घेणार?

प्रिय मामा,

आज मी आणि मामी कोर्टात जाऊन आलो. घरी आल्यावर मामीनं चहा केला, कप माझ्यापुढे सरकवला आणि ती मोरीकडे निघून गेली. तुम्ही असता तर आरा मशीनवरून आल्याआल्या, अंगावरचा भुसा झटकत विचारलं असतं, "काय वं कुंदे, काय म्हणे साहेब?" आता विचारणारं कोणी नाही. आणि तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून लिहायला बसले.

असे न सांगता का गेलात हो? लकडगंजला सागाचे ओंडके उतरवून झाल्यावर चहाला म्हणून टेकलात, ते टेकलेलेच राहिलात. तुमच्या सोबतचे लोक तुम्हाला घरी घेऊन आले तेव्हा मामीनं हंबरडा फोडला, आणि मी दारामागे सरकले. अंगणात सगळी नंदनवन वस्ती जमली होती. "गर्दी दिसली का गल्ली बदलवायची," हे तुम्हीच शिकवलं होतं ना? मग तुमच्याच मयतीच्या गर्दीला मी घाबरले, मामा! कोपऱ्यावरून एक हवालदार सायकलनं गेला, तर मला वाटलं, मलाच न्यायला आला.

सगळ्याला कारण तो एक दगड. बसच्या सवलतीसाठी पोरं ओरडत होती, पोरी ओरडत होत्या, आणि माझ्या हातून तो सुटला. काच फुटली, कंडक्टरच्या कपाळातून रक्त आलं. कॉलेजसाठी तुमच्याकडे राहिलेली पोरगी, आणि बसवर दगड! मॅजिस्ट्रेटसाहेबांनी तुरुंगात न पाठवता वर्षभराच्या प्रोबेशनवर सोडलं. चांगलं वागायचं, दर महिन्याला प्रोबेशनच्या बाईंपुढे हजर व्हायचं, कॉलेज बुडवायचं नाही, परीक्षा चुकवायची नाही, आणि कुठल्याही दंग्यात पुन्हा दिसायचं नाही. वर एका जबाबदार माणसाची हमी. बाबांनी मान खाली घातली. तुम्ही पुढे झालात. "पोरगी तिखट हाये साहेब, वाईट नाही. मी घेतो हमी." तुमच्या कानाच्या केसात भुसा अडकला होता, तो मला आजही दिसतो.

तेव्हापासून मी कशी जगले, हे मी तुम्हाला कधी पूर्ण सांगितलंच नाही. वर्गात कोणी मोठ्यानं हसलं तरी दचकायची. मधल्या सुट्टीत मुलींच्या खोलीत जाऊन कडी लावून बसायची. जत्रेला नाही, सिनेमाला नाही, मैत्रिणीच्या लग्नाच्या वरातीलाही नाही. तुम्हाला मात्र म्हणायची, "मामा, मजेत आहे!" तुम्हाला खरं वाटायचं का हो?

तुमच्या तेरवीआधी प्रोबेशनच्या बाई घरी आल्या. मामीजवळ बसल्या, डोळे पुसले. मग मला ओसरीवर बोलावून हळूच म्हणाल्या, "कुंदा, हे आत्ता बोलू नये, पण बोलावं लागतं. हमी घेणारा माणूसच राहिला नाही. कोर्ट नवा माणूस मागेल. मिळाला नाही, तर मग माझ्या हातात काही नाही."

बाबा तेरवीला आले होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "एकदा कोर्टाच्या पायऱ्या चढलो, पुन्हा नाही. तुले शिकवलं हेच चुकलं. होऊन जाऊ दे काय व्हायचं ते, मग घरी ने‌तो आन लग्न लावून देतो." आई पदर तोंडात धरून बसली होती. मामी भिंतीला टेकून होती, तिनं वरही पाहिलं नाही. मामीला विचारायची तर माझी छातीच होत नव्हती. केस झाल्यापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. नळावर बाया तिला म्हणायच्या, "तुमच्या घरची ते बसवाली पोट्टी काय करते?" आणि ती भरली बादली तशीच उचलून घरी यायची.

आणि त्यातच कॉलेजात पुन्हा पेटलं! परीक्षा पुढे ढकला म्हणून. आमच्या वर्गातला शरद घरापर्यंत आला. "कुंदा, तू समोर राहिली का बाकीच्या पोट्ट्या येतात. फक्त गेटपाशी उभी राय." मी नाही म्हटलं. तो हसला. "एवढी भेकड झाली तू?" हो, झाले! मी त्याच्या तोंडावर दार लावलं आणि दाराला पाठ लावून तिथेच खाली बसले.

पण दुसऱ्या दिवशी माझं रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल होतं, वार्षिक परीक्षेचं. गेले तर गेटवर दंगा. नाही गेले तर परीक्षा चुकवली, म्हणजे तीही अट मोडली. सांगा मामा, मी काय करायचं होतं? सकाळी जर्नल पिशवीत भरायची आणि पुन्हा बाहेर काढायची, असं मी किती वेळ करत होते कोण जाणे. मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"काय करून राहिली वं हे?"

मी सगळं सांगितलं. मध्येच रडूही फुटलं. तिनं चुलीवरची भाजी उतरवली, पदर खोचला आणि म्हणाली, "चाल. मी येतो संगं."

तुम्हाला जाऊन महिनाही झाला नव्हता. मामी उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. शेजारच्या काकू तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. मामीनं माझं मनगट धरलं आणि रस्ताभर सोडलं नाही. रिक्षात बसली तेव्हाही नाही.

गेटवर पोरं बसली होती. पलीकडे पोलिसांची निळी गाडी. आम्ही कडेकडेनं आत शिरत होतो, तेवढ्यात मागून घोषणा सुरू झाल्या, कुठून तरी एक दगड आला आणि गाडीच्या पत्र्यावर ठण्ण वाजला. पोरं पळाली. मला पळताही येईना. एका शिपायानं माझा दंड पकडला. "अरे, हे तर तेच! बसवाली पोट्टी! चल, बस गाडीत!"

मामा, मला वाटलं, संपलं सगळं. तुमचा शब्दही गेला, मीही गेले.

"हात सोड." मामीचा आवाज होता.

"बाई, तुम्ही बाजूला व्हा."

"काहून होऊ? हे घरून निघाली तवापासून हिचा हात माह्या हातात हाये, दुसऱ्यात पिशवी. कोणत्या हातानं मारला हिनं गोटा? दाखव! माह्या धन्याले जाऊन महिना नाही झाला, आन मी खोटं बोलू का तुह्याशी?"

शिपायानं तिचं मोकळं कपाळ बघितलं. मग आमचे हात बघितले. तिच्या बोटांचे वळ उमटले होते माझ्या मनगटावर. त्यानं दंड सोडला. "जा. लवकर आत जा."

प्रॅक्टिकल संपेपर्यंत मामी प्रयोगशाळेबाहेर जमिनीवर बसून होती. माझ्या हातून परीक्षानळी फुटली, तरी उरलेलं कसंबसं केलं. परतताना मला वाटलं, आता ती जवळ घेईल, काही बोलेल. तर म्हणाली, "तुह्यापायी आज पोळ्या राहिल्या."

आणि मग आजचा दिवस, नवा हमीदार द्यायचा. काल संध्याकाळपर्यंत मी प्रोबेशनच्या बाईंना सांगायला माणूस शोधत होते. तुमच्या मालकांकडे गेले, ते म्हणाले बघू. सकाळी मी एकटीच निघाले, तर मामी धुवट पातळ नेसून ओट्यावर उभी! "बाईले मी सांगतलं काल. चाल."

कोर्टात साहेबांनी तिला विचारलं, "ही मुलगी पुन्हा काही करून बसली तर तुम्हाला जबाबदार धरू. घरात आता पुरुष माणूस नाही. भीती नाही वाटत?"

मामीनं डोक्यावरचा पदर सारखा केला, मामा, आणि पुन्हा माझं मनगट धरलं.

"लागते ना भेव साहेब. मलेही लागते, हिलेही लागते. हे पोट्टी झोपेतबी दचकते, मी रोज पाहतो. जिले एवढं भेव लागते, ते कोणाचं काय बिघडवणार हाये?"

म्हणजे तिला माहीत होतं! मी इतके महिने उशीत तोंड खुपसून जे लपवत होते, ते ती शेजारच्या अंथरुणावरून बघत होती. साहेबांनी मामीची हमी मान्य केली.

अजून पावसाळा जायचा आहे, दिवाळी जायची आहे, तेव्हा कुठे वर्ष पुरं होईल. भीती गेलेली नाही. बाहेर कोणी जोरात हाक मारली तर आत्ताही पेन थांबतं. शरद पुन्हा येईल का? तो शिपाई पुन्हा भेटेल का? माहीत नाही.

पण मामा, तुम्हाला एक शब्द देते. यापुढे भीती वाटली की मी कडी लावून बसणार नाही, आणि "मजेत आहे" असं खोटंही सांगणार नाही. ज्या दिवशी वाटेल, त्या दिवशी मामीच्या अंथरुणाशी जाऊन म्हणेन, मामी, मला भेव लागून राहिलं. आणि तिला लागलं, तर तिनंही मला सांगावं, असं मी तिला आजच सांगणार आहे.

तुमची भाची,
कुंदा