पाळण्याजवळचं फुलपात्र

नोएडा, १८ जानेवारी १९९६
सौ. भानूस ताईचे पोटभर आशीर्वाद.

उल्हासला मुलगी झाली! नाक आपल्या आईचं, रडण्याचा आवाज तुझा. आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून या नव्या फ्लॅटात आलो आणि पाठोपाठ लक्ष्मी आली. लिफ्टही येणार म्हणतात, ती अजून यायचीय.

रविवारी, अठ्ठावीसला बारसं. पाळणा मीच म्हणणार. पण भानू, ब्लडप्रेशरची गोळी सुरू झाल्यापासून तोंड कोरडंठाक. एका ‘जो’वरून दुसऱ्या ‘जो’वर जाईतो जीभ टाळूला चिकटते. म्हणून दिवसभर आमसूल चघळते, तर आता दात असे आंबलेत की इथलं थंडीतलं पाणी लागलं की कळ थेट मस्तकात. सूनबाई म्हणते, आई, कॅसेट लावू या. माझ्या नातीच्या बारशाला डब्यातली बाई गाणार? काय करू सांग.

तुझी ताई

वाई, २३ जानेवारी
ती. ताईस शि. सा. न.

बातमी वाचून आळीभर साखर वाटली. आता पहिलं ते आमसूल टाक! आंबट चघळून दात आंबणार नाहीत तर काय होईल? मिश्रीही सोड. खसाखसा घासतेस, दात आहेत की पितळेची कळशी? दातांच्या डॉक्टरकडे जा. गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नकोस. तू करशील, म्हणून लिहिते. आणि पाळणा तूच म्हण. कॅसेटला आपल्या पोरीचं नाव कुठून ठाऊक?

बाळीला पापा. माया असू दे.
तुझी भानू

नोएडा, ३० जानेवारी
सौ. भानूस खूप खूप आशीर्वाद.

डॉक्टरांनी तुझंच सांगितलं, फक्त फी घेऊन. मऊ ब्रश, दुखऱ्या दातांची पेस्ट आणि दिवसभर घोट घोट कोमट पाणी. गोळीचं ज्यांनी दिली त्यांनाच विचारा म्हणाले.

मग बारशाला पाळण्याजवळ फुलपात्र ठेवलं. एक कडवं, एक घोट. आवाज लागला ग! रेवती नाव ठेवलं, ते कडव्यात अस्सं बसलं की सूनबाईच्या डोळ्यांना पाणी. पण गंमत पुढेच. शेजारच्या मल्होत्राबाई टक लावून बघत होत्या. दुसऱ्या कडव्याला त्यांनी खुणेनं पाणी मागवलं. तिसऱ्याला सगळ्या पंजाबी बायका डोक्यावर चुन्नी घेऊन, डोळे मिटून माझ्याबरोबर घोट घेतायत! त्यांना वाटलं, ही आपली मराठी रीत. सांगणार होते, पण तोंडात पाणी.

काल मल्होत्राबाई आल्या. त्यांच्या सुनेला आठवा लागलाय. म्हणाल्या, माताजी, हमारे यहाँ वो पानीवाली रस्म आपही करेंगी, बिल्कुल! मी ‘अच्छा’ म्हणून बसले. आता तूच कळव, त्या पाण्यात तुळस घालायची की केशर?

जीव लावतेस तसाच लावत राहा.
तुझी ताई, चंद्रप्रभा